नाद करायचा नाही

कोल्हापूरच्या रंकाळा तलावात, संध्यामठाकडच्या बाजूला, केंदाळाच्या कडेनं, मुठीएवढा एक तपकिरी गोळा पाण्यावर डुलत असतो. आपण चहाचा कप टाकायला वळतो, परत बघतो, तर गोळा नाही. पाण्यावर एक वर्तुळ, तेही विरत चाललेलं. मनात दहा-पंधरा आकडे मोजावेत, तोवर ती वर येते, आणि तीही नेमकी आपण बघत नव्हतो त्या बाजूला. चोचीत बारीक मासा. पक्ष्यांच्या पुस्तकात हिचं नाव टिबुकली. लोक हिला पाणबुडीही म्हणतात.

हिची एक खोड बघण्यासारखी आहे. भ्यायली म्हणजे ती दर वेळी सूर मारतेच असं नाही. कधी कधी जागच्या जागी खाली बसते, म्हशीनं डोहात बसावं तशी. पिसांत धरलेली हवा ती पिसं अंगाशी चापून बाहेर काढते, अंग जड होतं, धड पाण्याखाली जातं आणि वर उरतं नुसतं डोकं. पोलादी पाणबुडीची रीत याहून फारशी वेगळी नाही. तिच्या कुशीला टाक्या असतात. टाकीची वरची झडप उघडली की हवा निघून जाते, खालच्या भोकांतून समुद्राचं पाणी आत शिरतं, आणि हजारो टनांचं धूड आवाज न करता खाली बसतं. वर उरतो पेरिस्कोपचा डोळा.

एवढं सगळं जमवून ही बया पावसाळा तोंडावर आला की केंदाळात बसून घोडं खिंकाळल्यासारखी किलकिलते आणि अख्ख्या तळ्याला आपला पत्ता सांगते. मला ती बहुतेक वेळा आधी ऐकू येते, मग दिसते. उपग्रह, ड्रोन, संगणक यांच्या जमान्यात पाणबुडीच्या लपण्याला काही अर्थ उरलाय का, असा वाद निघाला की मला ती किलकिल आठवते. या कुळाचा सगळा झगडा दोनच गोष्टींशी चाललेला आहे: दम आणि नाद. एक शब्द आमच्या तालमीतला, दुसरा आमच्या रिक्षांच्या पाठीवरचा.

पाणबुडी या शब्दाच्या कुळात जहाज सगळ्यात धाकटं. आधी हा पक्षी, आधी विहिरीत पडलेली घागर काढून देणारा पाणबुड्या माणूस, आणि मग विसाव्या शतकात लोखंडाची ही सून घरात आली. हिंदीतल्या पनडुब्बीचीही गोष्ट हीच, तिथंही पक्ष्याचंच नाव जहाजाला मिळालं. इंग्रजी नावाचा अर्थ नुसता ‘समुद्राखालचं’ एवढाच आहे, ते राहण्याचा पत्ता सांगतं. आपला शब्द काम सांगतो. आणि बुडी म्हटली की ती संपणार, डोकं वर येणार, हे त्यात आलंच. उसने पैसे घेऊन बुडी मारलेला माणूससुद्धा कधीतरी गणपतीच्या मिरवणुकीत सापडतोच.

शब्द ज्यानं कुणी जहाजाला लावला त्यानं नकळत इतिहास बरोबर सांगून ठेवला. पहिल्या पिढीतल्या पाणबुड्या म्हणजे पाण्यावरून चालणाऱ्या आणि गरजेपुरती बुडी मारणाऱ्या होड्याच होत्या. २२ सप्टेंबर १९१४ या दिवशी यू-९ नावाच्या एका जर्मन पाणबुडीनं उत्तर समुद्रात तासा-दीड तासात ब्रिटिशांच्या ‘अबूकिर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या तीन क्रूझर बुडवल्या. १,४५९ माणसं गेली. पाणबुडीवर तीस माणसंही नव्हती. त्याच दिवशी रात्री ‘एमडेन’ या जर्मन जहाजानं मद्रासवर तोफा डागल्या, तेलाच्या टाक्या पेटवल्या. हिंदुस्थानात बोलबाला झाला तो एमडेनचा, कारण ती दिसली. समुद्रावरची लढाई कायमची बदलली ती मात्र न दिसलेल्या यू-९ नं.

दुसऱ्या महायुद्धात दम उघडा पडला. जर्मनांच्या ज्या जातीच्या पाणबुड्या सगळ्यांत जास्त बांधल्या गेल्या, ती सातव्या नमुन्याची पाणबुडी पाण्यावर १७ नॉटनं पळायची. पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम साडेसात. आणि ४ नॉटच्या बैलगाडी चालीनं गेली तरी सुमारे ८० सागरी मैलांत बॅटरी संपायची. मग वर येऊन डिझेल इंजिन लावायचं, बॅटरी भरायची. डिझेलला हवा लागते, आणि हवा वरच असते. रात्रीच्या अंधारात हे उरकता यायचं, पण विमानांवर रडार बसलं आणि अंधार कामाचा राहिला नाही. त्यावर त्यांनी डच लोकांची एक युक्ती उचलली: पाण्याबाहेर नुसती एक नळी काढून इंजिनाला श्वास द्यायचा. या नळीचं नाव श्नॉर्केल. लाट नळीवरून गेली की झडप बंद व्हायची, आणि भुकेलं इंजिन आतल्या माणसांच्या वाट्याची हवा ओढून घ्यायचं. कानात कळ यायची, डोळे ताणायचे, मग झडप उघडायची. असं दिवसभर. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या दर चार माणसांतली जवळपास तीन परत आली नाहीत.

आमच्या गल्लीतल्या तालमीत एक वस्ताद होते. नवा पोरगा फार चपळाईनं डाव मारायला लागला की ते म्हणायचे, “डाव ऱ्हाऊ दे बाजूला. दम किती हाय त्यो दाव.” खासबाग मैदानात कुस्ती लांबली की आम्हा बघ्यांनाही कळायचं, आता पकड सुटणार आहे ती हातामुळं नव्हे, फुप्फुसामुळं. पाणबुडी हुडकणाऱ्या जहाजांचं गणित असंच असतं. हिला कुठंतरी वर यायचंच आहे. आपण तिथं बसून राहायचं.

यावर अणुभट्टी हा उतारा निघाला. अणुपाणबुडीला हवा लागत नाही, समुद्राच्या पाण्यातून प्राणवायूही करून घेता येतो. ती वर येते ती बहुधा माणसांसाठी, शिधा संपला म्हणून. दमाचा प्रश्न संपला, आणि नादाचा सुरू झाला. भट्टी थंड ठेवणारे पंप, वाफेचे टर्बाइन, गिअर यांचा घरघराट पूर्ण थांबवता येत नाही. बॅटरीवर चालणारी डिझेल पाणबुडी मात्र हवं तेव्हा जवळजवळ मुकी होऊ शकते. एकीकडं दम आहे पण घसा खवखवतो, दुसरीकडं घसा साफ आहे पण दम कमी.

नाद म्हणजे काय हे पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. माझे आजोबा घराच्या पायरीवर बसून नदीवरच्या मोटरीचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, “हवा धरतीया. जा, फूटव्हॉल बघून ये.” नदी उतरली, पाणी ओढण्याची उंची वाढली, की पंपाच्या पोटात कुणी खडे टाकल्यासारखा कडकड आवाज यायचा. महिनाभर तसाच चालवला तर पंपाचं पातं खोलून बघावं, देवीच्या व्रणांसारखे खड्डे. पात्याच्या मागच्या अंगाला दाब इतका उतरतो की पाणी थंडच्या थंड उकळतं, त्याचे बुडबुडे होतात, आणि पुढं जाऊन ते फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना हातोडा मारून जातो. पाणबुडीच्या पंख्याला हाच रोग होतो. वेग वाढवला की बुडबुडे, बुडबुडे झाले की नाद. आणि पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, हवेतल्या चौपट-साडेचौपट वेगानं, आणि लांबवर टिकतो. खोल गेलं की वरच्या पाण्याच्या वजनानं बुडबुडे दबतात, म्हणून खोलात जरा जास्त वेग परवडतो.

उद्यमनगरातल्या कारखान्यांतल्या माणसांना रुचेल अशी एक गोष्ट आहे. सोव्हिएत पाणबुड्या गोंगाट करतात म्हणून अमेरिकन आरमार निर्धास्त होतं. सोव्हिएतांना आपला गोंगाट केवढा आहे हे कळलं ते बऱ्याच अंशी अमेरिकन आरमारातल्याच जॉन वॉकर या हेरामुळं, जो १९८५ मध्ये पकडला गेला. मग पंखे गुळगुळीत करायचे ठरले. त्यासाठी बॉम्ब लागत नव्हते, चांगलं मिलिंग मशीन लागत होतं. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनं नऊ अक्षांवर चालणारी अवाढव्य मशीन लेनिनग्राडच्या गोदीला विकली, नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीनं ती चालवणारे संगणक दिले, कागदोपत्री भलतंच काहीतरी दाखवलं. १९८७ मध्ये हे फुटलं तेव्हा अमेरिकन खासदारांनी संसदेसमोर तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडला. लपण्याची कला जगातल्या दोन महासत्तांनी शेवटी आणून ठेवली ती कुठं, तर खराद्याच्या हातात. पात्याच्या वळणावर शतांश मिलिमीटरची खोट राहिली की समुद्र ती बोलून दाखवतो.

दम झाला, नाद झाला, आता हूल. गच्चीवर चढलं की वायव्येला पन्हाळा दिसतो. जुलै १६६० मधल्या पावसाळी रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, तेव्हा पालख्या दोन निघाल्या होत्या. एकीत महाराजांचा वेष घेतलेला शिवा काशीद. वेढेकऱ्यांना कुणीतरी निघालंय हे कळलं, पाठलागही झाला. त्यांच्या हाती पालखी लागली, पण चुकीची, आणि ती चूक उमगेपर्यंत गेलेला वेळ विशाळगडाच्या वाटेवर महाराजांच्या पदरात पडला. पुढची किंमत बाजीप्रभूंनी आणि बांदलांनी खिंडीत मोजली. गनिमी काव्यातल्या काव्याचा मूळ अर्थच बघा ना: घोड्याला गोल गोल फिरवणं. सरळ न जाता फेर घेणं. आपण कुठंच नाही असं भासवण्यापेक्षा आपण तिकडं आहोत असं भासवणं स्वस्त पडतं.

१९७१ मध्ये विशाखापट्टणमला हीच पालखी निघाली. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या मागावर बंगालच्या उपसागरात आली होती. व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानाकडं लपवलं आणि ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला विक्रांतचं सोंग दिलं. बिनतारी संदेशांचा मोठ्या जहाजाला शोभेल असा भडिमार सुरू केला. विक्रांतवरच्या कुणा खलाशानं आपल्या आजारी आईची चौकशी केल्याची एक साधी, उघडी तारही मुद्दाम जाऊ दिली. आईच्या आजाराची तार खोटी असेल असं कुणाला वाटणार? ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, आतलं कुणी वाचलं नाही. राजपूतनं टाकलेल्या स्फोटकांनी बुडाली की आतल्या स्फोटानं, यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. ती विक्रांतला शोधत चुकीच्या दारात आली होती, एवढं खरं. लपून आलेली पाणबुडी समोरच्याच्या लपण्यानं फसली.

पाचच दिवसांनी फासा उलटा पडला. ९ डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हँगोर’ या डिझेल पाणबुडीनं आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं बुडवलेलं ते पहिलं लढाऊ जहाज. त्यानंतर आपल्या जहाजांनी आणि विमानांनी हँगोरला चार दिवस हुडकलं. ती कराचीला पोचली.

लपून मारता येतं हा लपण्याचा पहिला फायदा. दुसरा माझ्या मते त्याहून मोठा आहे, आणि वाद घालणारे तो विसरतात. न सापडलेली पाणबुडी न मारताही समोरच्याला कामाला लावते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची ‘सान लुईस’ नावाची एक डिझेल पाणबुडी समुद्रात होती. तिचे टॉर्पेडो धड चालत नव्हते, तिनं एकही जहाज बुडवलं नाही. तरी ब्रिटिश आरमार तिच्या भीतीनं ढीगभर दारूगोळा पाण्यात ओतत राहिलं, त्यात देवमासेही मेले. उलट बाजूनं, ब्रिटिश अणुपाणबुडी ‘काँकरर’नं ‘बेलग्रानो’ बुडवल्यावर अर्जेंटिनाचं आरमार किनाऱ्याला चिकटून बसलं ते बसलंच.

बुडी मारू शकत नाही अशा होड्यांनीही हे साधलेलं आहे. मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर १६७९ च्या पावसाळ्यात मराठ्यांच्या मायनाक भंडाऱ्यानं किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या. मराठ्यांच्या होड्या हलक्या, उथळ बुडाच्या, शीड पडलं तरी वल्ह्यांवर पळणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या थळच्या किनाऱ्यावरून निघायच्या आणि वेढ्यातून वाट काढत बेटावर दाणागोटा, दगड, माणसं पोचवायच्या. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमारानं उघड झुंज दिली, ‘डव्ह’ हे इंग्रजांचं गुराब धरलं, आणि तरी ‘रिव्हेंज’ जहाजावरचा इंग्रज अधिकारी कीगविन हटला नाही. किल्ला उभा राहिला तो त्या एका झुंजीपेक्षा रोज रात्री निमूट ये-जा करणाऱ्या होड्यांच्या जिवावर. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे आणि खांदेरीही आहे. लपून निसटण्याचे दोन पाठ एकाच यादीत आले, हे यादी करणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल की नाही कोण जाणे.

माझगाव गोदीत बांधलेली ‘खांदेरी’ पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ ला आरमारात आली. तिची थोरली बहीण ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ ला, सगळ्यांत धाकटी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ ला. एकूण सहा बहिणी, सगळ्या एका साच्यातल्या, फ्रेंच आराखड्याच्या, सुमारे साडेसदुसष्ट मीटर लांब. पोटात ३६० बॅटऱ्या, एकेक सुमारे साडेसातशे किलोची. कलवरी अजून चाचण्यांत होती तेव्हा, ऑगस्ट २०१६ मध्ये, एका ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रानं छापलं की या आराखड्याची २२,४०० पानं बाहेर फुटली आहेत. पंख्याला गुळगुळीत करा, भिंतींना रबर लावा, प्रत्येक यंत्र स्प्रिंगवर बसवा, आणि नाद फुटायचा तो झेरॉक्सच्या खोलीतून.

आणि हुडकणारे स्वस्थ बसलेले नाहीत. गोव्याला दाबोळीच्या आयएनएस हंसावर पी-८आय विमानं आहेत. ती समुद्रात ऐकणारे तरंगते कान टाकत जातात. जहाजं आपल्या मागं लांबच लांब दोऱ्यांना श्रवणयंत्रं बांधून ओढतात. महिनोन्महिने पोहत राहणारी बिनमाणसाची यंत्रं आली आहेत. आता समुद्र काचेसारखा होणार, पाणबुडीचे दिवस भरले, असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद यावरच उभा असतो. मला तो निम्माच पटतो. समुद्र शांत असतो हा समज ज्यांनी कान पाण्याखाली घातला नाही त्यांचा. तळाशी कोळंबी चिमटे वाजवत असते, वरून मालवाहू जहाजं गडगडत जातात, उन्हानं तापलेला वरचा थर आवाजाची वाट वाकवतो, आणि पाऊस लागला की अख्खा समुद्र पन्हाळ्याच्या त्या रात्रीसारखा कुणाचंच कुणाला ऐकू देत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये अटलांटिकमध्ये ब्रिटनची ‘व्हॅनगार्ड’ आणि फ्रान्सची ‘ल त्रिओम्फां’ या अण्वस्त्रं वाहणाऱ्या दोन पाणबुड्या एकमेकींवर आदळल्या. दोन्ही मित्रदेशांच्या. महासागर एवढा मोठा, आणि टक्कर होईपर्यंत दोघींना एकमेकींची चाहूल नाही.

बदल झालाय तो दुसऱ्या टोकाला. वर यायची वेळ पूर्वी रात्रीवर सोपवता यायची. आता नाकाची नळी काढली की आकाशातून बघणारे डोळे दिवसरात्र आहेत. म्हणजे नादापेक्षा दमाचा भाव वाढला. स्वीडनची ‘गोटलँड’ २००५ मध्ये सरावासाठी अमेरिकेला गेली. छोटी, पण हवेवाचून आठवडे काढणाऱ्या इंजिनाची. सरावात तिनं ‘रोनाल्ड रेगन’ ही विमानवाहू नौका ‘बुडवली’, आणि अमेरिकनांनी तिला अभ्यासासाठी आणखी वर्षभर ठेवून घेतलं.

असा दम आपण अंबरनाथला घडवतोय, नौदलाला लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत. फॉस्फोरिक आम्लाचे इंधनघट, हायड्रोजन साठवून न नेता पाणबुडीतच तयार करायचा, प्राणवायूशी त्याची गाठ घालायची, वीज घ्यायची, आणि मागं उरतं ते पाणी. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुन्यानं परीक्षा पार केली. ३० डिसेंबर २०२४ ला माझगाव गोदीशी १,९९० कोटींचा करार झाला, हे यंत्र कलवरीच्या कुळात बसवण्याचा.

बसवायचं कसं, तर चालती पाणबुडी गोदीत घ्यायची, तिचं पोलादी अंग मधोमध गोल कापायचं, दोन तुकडे बाजूला सारायचे आणि मध्ये नवं कांडं घालून पुन्हा जोडायचं. उसाला एक पेर वाढावं तशी ती लांब होणार. आमच्या शेजारी एक निवृत्त वेल्डर राहतात, आयुष्य शिरोलीच्या कारखान्यांत गेलं. त्यांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांधा बसवतील ओ. पन त्यो बोलाय नको.”